पालक की मटकी? रक्त नेमकं कशानं वाढतं

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय, रोज ग्लासभर पालकाचा ज्यूस प्या आणि आठ दिवसांत हिमोग्लोबिन वाढवा वगैरे. परिणाम काय तर नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात लोक पालकाच्या चार-चार जुड्या नेतायत, आणि शेजारीच मटकी मापून देणाऱ्याकडे कुणी बघत पण नाही.

आकडे बघू. 100 ग्रॅम कच्च्या पालकात लोह असतं साधारण 3 मिलीग्रॅम, आणि कोरड्या मटकीत 8 ते 11. म्हणजे मटकी तिप्पट? नाही हो, यात गंमत आहे, पालक नव्वद टक्के पाणीच असतो आणि मटकी कोरडी ठणठणीत. मटकी भिजून मोड आली की वजन दुपटीच्या वर जातं, मग मोडाच्या 100 ग्रॅममध्ये लोह उरतं 4 च्या आसपास, म्हणजे फार फरक नाहीच. प्रोटीनमध्ये मात्र पालक कुठच्या कुठे मागे, मोडाच्या मटकीत 9-10 ग्रॅम आणि पालकात जेमतेम 2-3.

पण खरा प्रश्न ताटात किती आहे हा नाहीच, आतड्यातून रक्तात किती जातं हा आहे. वनस्पतींमधलं लोह बहुतेक वेळा शंभरातले दहा भागसुद्धा शोषलं जात नाही. मटकीत याला जबाबदार फायटिक अ‍ॅसिड. बी स्वतःचा फॉस्फरस या रूपात साठवून ठेवतं, एका कड्याला सहा फॉस्फेट लटकलेले, आणि प्रत्येकावर ऋण भार, त्यामुळे लोह, झिंक, कॅल्शियम जे धन भाराचं येईल त्याला ते खेकड्यासारखं नांग्यांत पकडतं आणि सोडतच नाही. आता मोड आणले की काय होतं, तर बी जागं होतं, त्याला रोपासाठी फॉस्फरस हवा असतो म्हणून ते फायटेज नावाचं एन्झाइम कामाला लावतं, ते एकेक फॉस्फेट तोडत जातं आणि जसजसे फॉस्फेट कमी तसतशी पकड ढिली, लोह सुटायला लागतं. सगळं नाही सुटत, पण सुटतं. थंडीत निफाडकडे पारा घसरला की फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड यायला दोन-दोन दिवस लागतात त्याचं कारण पण हेच, एन्झाइमला ऊब लागते.

पुढची पायरी व्हिटॅमिन सी. हे लोह बहुतांशी फेरिक म्हणजे तीन धन भारवालं असतं, आणि आतड्याच्या पेशीतलं दार, डीएमटी-1 त्याचं नाव, फक्त दोन भारवालं फेरस आत घेतं. सी त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं, वर विरघळलेलं पण ठेवतं. कोरड्या मटकीत सी जवळपास नसतंच, मोडात तयार होतं पण उसळ शिजवताना बरंचसं जातं. म्हणून मिसळीवर वरून लिंबू पिळायचं, ते कच्चंच राहतं. (केमिस्ट्री नको असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.)

पालकाची अडचण वेगळी. त्यातली पॉलिफेनॉल्स लोह अडवतात, आणि कॅल्शियम तर त्यातल्याच ऑक्झॅलेट नावाच्या घटकाला असं चिकटलेलं असतं की त्यातलं जेमतेम 5 टक्के शोषलं जातं, दुधातलं जातं पंचवीसच्या वर. तरी पालक टाकाऊ नाही, बीटा कॅरोटीनमध्ये मटकी त्याच्या जवळपास पण येत नाही, आणि फोलेट हे ब गटातलं व्हिटॅमिन दोन्हीत असतं, ते पण रक्तपेशी बनायला लागतंच. फक्त ज्यूस गाळून चोथा फेकू नका, आणि किडनी स्टोनवाल्यांना तर ऑक्झॅलेटमुळे रोजचा ग्लास नकोच.

बीट लाल म्हणून रक्त वाढतं, अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धी, हे असलं लॉजिक मात्र बंद करा. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया असल्याचं एनएफएचएस-5 मध्ये, म्हणजे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं होतं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच घ्यायच्या, पालक-मटकी सोबतीला.

आणि आपल्या नाशिककरांची सवय, मिसळ संपायच्या आत कटिंग मागवायची. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, लिंबानं कमावलेलं बरंचसं तिथेच जातं. चहा तासाभरानं घ्या की.