ब्रिटानियातले रोमन वाडे : पार्श्वभूमी

२०२० साली इंग्लंडमधल्या रटलंड परगण्यात एका शेतात ११ मीटर लांब आणि जवळजवळ ७ मीटर रुंद मोझेकची, म्हणजे रंगीत तुकडे जडवून चित्रे काढलेली, फरशी सापडली. तिच्यावर ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि हेक्टर हे योद्धे आहेत. अशा वेळी 'रोमन लोकांचा महाल सापडला' असे मथळे पडतात. त्यातला 'रोमन लोकांचा' हा भाग जरा जपून घ्यावा.

अशा वाड्याला लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणत, म्हणजे शेतावरचे घर. लोणावळ्याच्या जाहिरातींतला नव्हे. जमीन, गोठे, धान्याची कोठारे आणि राबणारी माणसे असे ते मोठे खटले असे. रोमन सम्राट क्लॉडियसच्या फौजा इ.स. ४३ मध्ये ब्रिटनला उतरल्या, आणि ब्रिटानिया हा रोमन प्रांत झाला. निवृत्त सैनिकांसाठी कोल्चेस्टरला वसाहत झाली. बुडिका या स्थानिक टोळीच्या राणीच्या बंडात (इ.स. ६०-६१) ती जळाली, पुन्हा उभी राहिली. खेड्यांतले वाडे मात्र बहुतांशी तिथल्याच टोळ्यांच्या श्रीमंत कुटुंबांचे. सेंट ऑल्बन्सजवळ गोरहॅम्बरीला लोहयुगातल्या, म्हणजे रोमन येण्याआधीच्या, लाकडी घरांच्याच जागेवर पुढे दगडी वाडा आला. आधी एका रांगेत चार-पाच खोल्या, मग समोर पडवी, मग दोन्ही टोकांना पुढे आलेल्या खोल्या, आणि फारच पैसा झाला तर मध्ये चौक, अशी ही घरे पिढ्यानपिढ्या वाढत गेली.

दक्षिण इंग्लंडमधले फिशबोर्न याला अपवाद. १९६० मध्ये पाण्याच्या नळाचा चर खणताना ते सापडले. इ.स. ७५ च्या सुमाराचा हा खरोखरच राजवाडा होता. बागेतल्या झुडपांच्या कुंपणासाठी खणलेले चरसुद्धा मातीच्या रंगावरून ओळखू आले. रोमनांचा मांडलिक राजा टोगिडुब्नस याचा तो असावा, असा तर्क आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो जळाला. नेमकी त्यानंतर बाकीच्या वाड्यांची भरभराट झाली. चेडवर्थ, बिग्नर आणि वुडचेस्टरचे आज दिसणारे वैभव मुख्यतः चौथ्या शतकातले, म्हणजे स्वारीनंतर अडीच-तीनशे वर्षांचे.

या घरांची खरी गंमत जमिनीखाली आहे: खालून घर तापवायची सोय. सुमारे २० सेंमी चौरस विटांचे ठेंगणे खांब रचायचे, त्यांवर जवळजवळ ६० सेंमी चौरसाच्या मोठ्या विटा टेकवायच्या, वर चुना आणि विटांच्या चुरीचा जाड थर, आणि मग फरशी. बाहेरच्या भट्टीचा गरम धूर खांबांमधून फिरतो आणि भिंतीतल्या पोकळ चौकोनी नळ्यांतून वर जातो. या नळ्यांवर गिलाव्याने पकड घ्यावी म्हणून कंगव्यासारख्या रेघोट्या ओढलेल्या असतात. विट्रुव्हियस हा रोमन स्थापत्यकार सांगतो की खालची जमीन भट्टीकडे इतकी उतरती हवी, की आत टाकलेला चेंडू घरंगळत परत यावा. खांब चुन्यात नव्हे, केस कालवलेल्या चिकणमातीत रचावेत, असेही तो सांगतो. कारण उघड आहे: सततच्या आचेने चुन्याचा सांधा भुसभुशीत होतो. एक खांब खचला की वरची मोठी वीट तडकते आणि मोझेक खचते. पुष्कळ उत्खननांत फरशी अशीच खाली कोसळलेली मिळते.

असे घर चालवायला वीटभट्टी, चुनाभट्टी, मोझेकचे कारागीर आणि सरपण तोडणारे हात लागतात, आणि या सगळ्यांना पैसा. प्रांतात नाणे येई ते मुख्यतः फौजेच्या पगारापोटी. इ.स. ४०२ च्या सुमारास नव्या नाण्यांचा पुरवठा जवळजवळ थांबला. ४१० च्या आसपास ब्रिटनमधली रोमन सत्ताच संपली. सफोकमधल्या हॉक्सन इथे त्याच काळात कुणीतरी पुरलेला सोन्यारुप्याचा ठेवा १९९२ मध्ये सापडला. त्यात मिरपुडीच्या चार चांदीच्या डब्या आहेत, आणि मिरी यायची ती आपल्याकडून, मलबारहून. ज्या बाजारातून ती मिरी येई, त्याच बाजारावर हे वाडेही उभे होते.

तरी सगळे एका रात्रीत बुडाले नाही. चेडवर्थच्या एका खोलीतले मोझेक पाचव्या शतकात, ४२४ नंतर केव्हातरी घातले गेले, असे रेडिओकार्बन कालमापनातून २०२० मध्ये जाहीर झाले. काम मात्र आधीच्यापेक्षा ओबडधोबड आहे, चुका स्पष्ट दिसतात. इतरत्र दिवाणखान्याच्या फरशीवरच चूल मांडल्याच्या जळक्या खुणा मिळतात. रटलंडलाही फरशी जळालेली आहे आणि वरच्या राडारोड्यात माणसांचे सांगाडे निघाले.

पुढे आयता घडीव दगड लोकांनी उचलून नेला, आणि उरलेल्यावरून नांगर फिरला. बिग्नरचे मोझेक १८११ मध्ये नांगराच्या फाळालाच लागले. उघडे ठेवले तर पाऊस आणि गोठणारे दव फरशीचे तुकडे उखडतात. म्हणून वुडचेस्टरची ग्रीक पुराणकथेतल्या ऑर्फियस या गायकाचे चित्र असलेली, सुमारे १५ मीटर बाजूची फरशी पुन्हा मातीखाली आहे, ती शेवटची उघडली १९७३ मध्ये. रटलंडची फरशीही नोंदी घेऊन झाल्यावर बुजवून टाकली आहे.