वर्णनसंग्रह (कथालेखनासाठी) : ग्रामीण विदर्भ

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला स्थळ, ऋतू, काम, वस्तू आणि माणसे शब्दांत उभी करताना हाताशी असावी म्हणून जमवलेली सामग्री म्हणजे वर्णनसंग्रह. शब्दकोशात शब्दाचा अर्थ मिळतो. वर्णनसंग्रहात ती गोष्ट कशी दिसते, तिला वास कसला येतो, हाताला ती कशी लागते, कोणत्या महिन्यात असते आणि तिथली माणसे तिला काय म्हणतात, हे सापडते. संग्रह वहीत असेल, चिठ्ठ्यांच्या डब्यात असेल किंवा मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या बोलण्यात असेल. विदर्भातल्या खेड्यांवर लिहिणाऱ्याला त्याची गरज अधिक भासते, कारण इथल्या घरादारातले आणि शेतीतले पुष्कळ शब्द छापील मराठीत क्वचितच येतात. शेताला इथे वावर म्हणतात, बांधाला धुरा, बैलगाडीला बंडी, कौलांना कवेलू आणि कोथिंबिरीला सांबार. हे शब्द ठाऊक नसलेला लेखक नकळत पश्चिम महाराष्ट्रातले खेडे लिहून बसतो आणि वर फक्त अकोल्याचे किंवा यवतमाळचे नाव टाकतो.

कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट वाशीमला पोचतो. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’च्या आज उपलब्ध असलेल्या १८ अध्यायांपैकी शेवटचे दोन देशविभाग आणि कालविभाग यांवर आहेत. कोणत्या प्रदेशात कोणत्या नद्या नि पर्वत, तिथे काय पिकते, कोणत्या ऋतूत कोणता वारा वाहतो, कोणती फुले फुलतात, हे सगळे कवीची चूक होऊ नये म्हणून बांधून दिलेले आहे. याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू (काव्य आणि साहित्यविद्या यांची मानवी रूपे) यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. पुढे १४ व्या शतकात मिथिलेच्या ज्योतिरीश्वर ठाकुरांनी मैथिलीत रचलेला ‘वर्णरत्नाकर’ तर उघड उघड वर्णनांचाच कोश आहे.

याद्यांमधला धोकाही राजशेखराच्याच काळापासून दिसतो. चकोर चांदणे पितो, यश पांढरे असते, अशा प्रत्यक्षात नसलेल्या पण कवींनी एकमेकांकडून उचललेल्या संकेतांना तो कविसमय म्हणतो. विदर्भाचेही असे आधुनिक कविसमय झाले आहेत : रणरणते ऊन, भेगाळलेली जमीन, आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी. यांतले एकही खोटे नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि काळ्या मातीच्या भेगेत हात कोपरापर्यंत जावा इतकी ती उलते. पण ही चित्रे न पाहताही लिहिता येतात, म्हणूनच ती वाचणाऱ्याला काही दाखवत नाहीत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाचे नाव देशभर झाले, त्यानंतर तर कित्येक कथांत गावाला दुसरा रंगच उरला नाही. तेच गाव हुरडा खाते, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गर्दी करते, लग्नात पंगतीवर पंगती उठवते, याची नोंद संग्रहात नसेल तर ते दुःखही कागदी वाटते.

चांगली नोंद कशी असते ते कापूस वेचणीवरून पाहता येईल. वऱ्हाडात कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. मृगात लावलेली पऱ्हाटी दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटू लागते. वेचणाऱ्या बाया कमरेला लुगड्याची किंवा जुन्या धोतराची ओटी बांधतात आणि तास धरून दोन्ही हातांनी वेचत जातात. सकाळी दहिवर असते, त्यामुळे वाळका पाला ओलसर राहतो आणि कापसाला कमी चिकटतो. ऊन चढले की तोच पाला बोटांत चुरगळून कापसात उतरतो. फुटलेल्या बोंडाच्या टरफलाची टोके सुकून टणक झालेली असतात, ती नखांच्या कडेला टोचतात. हंगामाच्या शेवटी बायांची बोटे तिथेच चिरलेली दिसतात. ओटी भरली की पोटाशी ऊब लागते आणि वाकणे जड जाते. कीड लागलेला, डागाळलेला कापूस म्हणजे कवडी, ती वेगळी काढायची. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो आणि किलोवर मजुरी ठरते. त्या वेळी प्रत्येकीची नजर आपल्या गाठोड्यावर कमी आणि काट्याच्या काडीवर जास्त असते.

एवढे टिपले तरी नोंद अर्धीच राहते. हे कोण पाहते आहे, ते लिहिलेले नसेल तर कथेत तिचा उपयोग थोडा. वेचणारीला कापूस वजन म्हणून कळतो. मालकाला तो घरात थप्पी लागलेला दिसतो, भाव चढेपर्यंत ठेवावा की आज गाडी भरावी या विचारासकट. व्यापारी मूठभर उचलून दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढतो आणि लांबी पाहतो. घरातल्या लहान पोराला त्या ढिगावर उड्या मारायच्या असतात, आणि उन्हाळ्यापर्यंत कापूस घरातच पडून राहिला तर त्याच पोराच्या अंगाला रात्रभर खाज सुटते. एका वस्तूच्या या चार नोंदी चार वेगळ्या कथांच्या आहेत. विशेषणांची लांबच लांब यादी देणाऱ्या संग्रहापेक्षा अशा चार ओळी असलेले पान लेखकाला जास्त दूर नेते, असे ठामपणे म्हणता येते.

विदर्भ एकच एक मुलूख धरून केलेला संग्रह फसतो. पश्चिमेचा वऱ्हाड काळ्या मातीचा आणि कापूस-सोयाबीन-तुरीचा. पूर्वेची झाडीपट्टी, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग, धानाची, तलावांची आणि जंगलाची. तिथे वावराऐवजी बांधी असते, पेरणीपेक्षा रोवणीची, म्हणजे रोपे लावण्याची, लगबग मोठी असते आणि पऱ्हे म्हणजे कापूस नव्हे, तर भाताची रोपे. पऱ्हाटी आणि पऱ्हे यांत गोंधळ घालणारे लेखन त्या भागातला वाचक पहिल्याच पानावर मिटवून ठेवतो. बोलीही बदलते. वऱ्हाडीत ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो, डोळा म्हणजे डोया. झाडीबोलीत त्याच जागी ‘र’ येतो, काळा म्हणजे कारा. वऱ्हाडातही सगळीकडे एकच पाणी नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. तिथल्या कथेत नायिका विहिरीवर गोड पाणी शेंदताना दाखवली की कथा तिथेच कोसळते. उलट वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात, पाने मलूल होतात, आणि पाणी सोडल्यावर काही आठवड्यांत फुलांच्या वासाने रस्त्यापर्यंतची हवा भरून जाते. ताण दिलेली बाग नवख्याला वाळत चाललेली वाटते. मालकाला तिच्यात पुढचे पीक दिसते.

काळाची मोजणी हा संग्रहातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. गावात पावसाळा तारखांनी चालत नाही, नक्षत्रांनी चालतो. मृग ७-८ जूनला लागतो, पण त्याआधी रोहिणीत एखादी सर आली तर तिच्यावर पेरायचे की थांबायचे यावरून घरात दोन तट पडतात. मग पावसाचा अंदाज बांधायला पंचांगातले नक्षत्राचे वाहन विचारले जाते : बेडूक, म्हैस की गाढव. पावसाच्या नावांतही फरक आहे. चार-पाच दिवस न थांबता पडणाऱ्या पावसाला झड म्हणतात. झडीत काळी माती चपलेला धरते, दहा पावलांत चप्पल जड होते आणि शेवटी ती हातात घेऊन चालावे लागते. पांदण, म्हणजे वावराकडे जाणारी वाट, बंद पडते. निंदण, म्हणजे तण काढणे, थांबते, म्हणून बायांची रोजी बुडते. जळतण ओले, चूल धुराची, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात कुठे गळते ते पाहून त्याखाली गंज (पातेली) ठेवलेले. उघाड पडली तरी लगेच वावरात पाय टाकता येत नाही, वापसा यावा लागतो. वापसा म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी कामाजोगी होणे. त्या दोन दिवसांतली गावातली अस्वस्थता एखाद्या कथेचा पाया होऊ शकते.

नोंदी जमवण्याची उत्तम रीत अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरने तेराव्या शतकातच घालून दिली. ‘लीळाचरित्र’कार म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या त्या, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून. आजही शब्द मिळतात ते काम चालू असताना. ओसरीवर बसवून “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” असे विचारले की माणूस शाळेतली मराठी बोलू लागतो. तिफण चालवताना, मोह वेचताना, रोडगे भाजताना तोच माणूस आपला शब्द सहज टाकतो. मोह तर पहाटेच वेचायला जावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये फुले रात्रभर गळतात, झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते आणि काळ्या राखेवर ती फिकट, मांसल फुले लांबूनही दिसतात. अंगणात वाळत घातली की ती मनुकेसारखी तांबूस होतात. ऐकलेल्या शब्दापुढे गाव, काम आणि बोलणाऱ्याचे साधारण वय लिहावे. नाव लिहू नये, आणि कोणाच्या घरातले दुःख त्याला न विचारता वहीत घेऊ नये.

जे लवकर जाणार ते आधी टिपावे, हा क्रम राखणे भाग आहे. धाब्यांच्या जागी स्लॅब आले, बंड्यांना रबरी टायर लागले. लाकडी चाकावर लोखंडी धाव (चाकाभोवतीचा पट्टा) चढवणे पाहिलेली माणसे अजून गावागावांत आहेत. धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, सांडशांनी धरून चाकावर बसवायची, लाकूड चरचरत पेटू लागे तोवर घण मारत राहायचे आणि मग बादल्यांनी पाणी ओतायचे. लोखंड आवळत जाते तसे चाकाचे सगळे आरे कुरकुरत जागी बसतात. हा आवाज ज्यांनी ऐकला त्यांतले बहुतेक आता सत्तरीच्या पुढचे आहेत.