फिल्टर घेण्याआधी पाणी ओळखा

घरासाठी फिल्टर निवडताना बहुतेक जण यंत्राचे गुण बारकाईने पाहतात. आपल्या नळाच्या पाण्यात नेमका कोणता दोष आहे, हे मात्र क्वचितच तपासले जाते. खरे तर क्रम उलटा हवा. गंजाचे कण आणि सूक्ष्मजंतू पाण्यात तरंगत असतात, तर आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असतात, आणि विरघळलेला पदार्थ कितीही बारीक गाळणीतून सहज निसटतो.

तरंगणाऱ्या घटकांच्या बाबतीत सगळा प्रश्न आकाराचा असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची कवचबंद अवस्था ४ ते ६ मायक्रॉनची असते, पाण्यातून रोग पसरवणारे बरेचसे जिवाणू एखाद-दोन मायक्रॉनचे असतात आणि विषाणू बहुधा ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात याच क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. त्याच्या कवचावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही आणि जलशुद्धीकरण केंद्रातील गाळणी त्याला पुरेशी अडवू शकली नव्हती. एक मायक्रॉनची खात्रीशीर गाळणी त्याला रोखते, ०.२ मायक्रॉनची गाळणी जिवाणूंनाही रोखते, परंतु विषाणू दोन्हींतून पार जाऊ शकतात. वेष्टनावर ‘नॉमिनल’ असे लिहिलेले असेल, तर त्या आकाराचे सगळे नव्हे, फक्त बरेचसे कण अडतात, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

सक्रिय कार्बनचे काम गाळण्याचे नसून चिकटवून ठेवण्याचे आहे. त्याच्या एका ग्रॅममधील असंख्य छिद्रांचा एकत्रित पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून अधिक भरू शकतो, आणि त्यावर वास, रंग, कीटकनाशके व अनेक सेंद्रिय रसायने धरून ठेवली जातात. क्लोरीनही येथेच नाहीसा होतो, त्यामुळे पाणी चवीला लगेच सुधारते. मात्र चवीच्या भरवशावर पाणी सुरक्षित मानणे धोक्याचे आहे. नायट्रेट आणि क्षार कार्बनमधून जवळपास तसेच बाहेर पडतात. शिवाय क्लोरीन गेल्यावर पाण्याला पुढे जंतूंपासून संरक्षण उरत नाही, आणि ओलसर कार्बनमध्ये जिवाणू सुखाने वाढतात. कार्ट्रिज भरून गेल्याचे बाहेरून कळत नाही, म्हणून ती ठरलेल्या मुदतीत बदलावी लागते. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर सुरुवातीचे पाणी सोडून द्यावे.

विरघळलेल्या पदार्थांसाठी आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस, उपयोगी पडते. यात दाब देऊन पाणी अशा पटलातून ढकलले जाते की पाण्याचे रेणू पलीकडे जातात आणि बहुतांश क्षार अलीकडेच राहतात. शिसे, फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक यांचे प्रमाण त्याने बरेच घटते. त्याची किंमत मात्र पाण्यातच मोजावी लागते, कारण अनेक घरगुती यंत्रांत शुद्ध पाण्यापेक्षा टाकाऊ पाणीच जास्त निघते. पाण्यात क्षार मुळातच कमी असतील आणि घातक विद्राव्य पदार्थही नसतील, तर आरओ बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

येथे टीडीएस मीटरमुळे अनेकांची फसगत होते. हे उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते. ते क्षार कोणते, हे त्याला सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकसाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मीटर लिटरला ३०० मिलिग्रॅम दाखवत असताना आर्सेनिक या मर्यादेच्या दहापट असले, तरी आकड्यात एका मिलिग्रॅमचाही फरक पडणार नाही. जंतूंबाबत तर मीटर काहीच बोलत नाही.

अतिनील किरणांचा दिवा जंतूंच्या जनुकीय द्रव्याला इजा करून त्यांची वाढ थांबवतो, पण पाण्यातून काहीही काढून टाकत नाही, आणि गढूळ पाण्यात कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात. उकळण्याने जंतू मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते, आणि तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असे पाणी वापरणे घातक ठरू शकते.

तेव्हा आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे, तेही नमुना घेण्याची पद्धत विचारून. शिसे बहुधा घरातील जुन्या नळजोडण्यांतून येते. त्यासाठी रात्रभर नळ्यांत साचून राहिलेले पहिले पाणी भरावे. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा लागतो.