चुनखडीतल्या पोकळ्या आणि सुरुंगाची दारू

मलेशियात इपोह शहराच्या आजूबाजूला, किंता खोऱ्यात, चुनखडीचे उभे डोंगर आहेत, सपाट जमिनीतून एकदम सरळ वर आलेले, आणि तिथे दगडाच्या खाणीही चालतात. लांबून कडा अगदी एकसंध वाटतो पण आत तसं नसतं.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सौम्य आम्ल बनतं. खरं तर गार पाण्यात हा वायू जास्त विरघळतो, पण उष्ण दमट हवेत झाडांची मुळं आणि जिवाणू वर्षभर कामाला असतात त्यामुळे मातीत तो भरपूर असतो, वर पाऊसही धो धो. मग हे पाणी भेगांमधून उतरत चुनखडी खात जातं, भेगा रुंदावतात, कपारी आणि गुहा होतात, आणि जे विरघळत नाही ते लाल चिकणमाती होऊन त्यातच साचतं. आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्टही कुजतो, पण असा विरघळून पोकळ होत नाही.

आता अशा दगडात सुरुंग लावायचा म्हणजे बघा. ११५ मिमी व्यासाच्या भोकात मीटरमागे साधारण ८ किलो अ‍ॅन्फो बसतं (ही खाणीतली सुट्या दाण्यांची दारू, अमोनियम नायट्रेट ९४ टक्के, डिझेल ६ टक्के). मध्ये १०० लिटरची पोकळी लागली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर तिथेच ८० किलो जाऊन बसतं, म्हणजे दहा मीटर भोकाची दारू एकाच जागी! मग दगड कुठच्या कुठे उडतात. आणि शेजारच्याच भोकात मातीची भेग असेल तर उलटं होतं, स्फोटाचा वायू तिथून निसटतो, दगड नीट फुटत नाही आणि मोठमोठे धोंडे पुढे ब्रेकर लावून फोडत बसावे लागतात.

म्हणून माझ्या मते इथे सगळ्यात मोलाची माहिती ड्रिलरकडे असते. रॉड अचानक खाली गेला, भोकातली भुकटी वर आणणारी हवा परत येईना, पांढऱ्या भुकटीऐवजी लाल चिखल यायला लागला, की खोली लगेच लिहून ठेवायची आणि तो कागद दारू भरणाऱ्याच्या हातात द्यायचा. तेवढ्या भागात दारूऐवजी खडी भरतात, नाहीतर प्लॅस्टिकची लांब पिशवी भोकात सोडून दारू तिच्यात भरतात. भोकात पाणी असेल तर अ‍ॅन्फो चालतच नाही, भिजतं, तिथे इमल्शन, म्हणजे पाण्यातही टिकणारी घट्ट लगद्यासारखी दारू लागते. आणि भरताना दर पोत्यानंतर टेप सोडून बघायचं, पातळी हिशोबाप्रमाणे वर येत नसेल तर पुढचं पोतं उघडायचंच नाही.