डिकीचे लॅच अडकल्यास काय करावे : तीनचाकी मोटारसायकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दुचाकीला मागे दोन चाके आणि त्यांच्या मधोमध सामानाची पेटी बसवून ज्यांनी आमच्या कार्यशाळेत तीनचाकी करून घेतली आहे, अशा जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. उन्हाळा लागला की डिकी उघडत नसल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. मूळ बिघाड बहुतेक वेळा दहा मिनिटांत दूर होण्यासारखा असतो; परंतु गाडी आमच्यापर्यंत येईपर्यंत कोणीतरी फटीत सळई घालून झाकण वाकवलेले असते, आणि मग त्या झाकणाला दोन दिवस लागतात.

आमचे बरेचसे ग्राहक दिव्यांग आहेत आणि कुबड्या डिकीत ठेवून गाडी चालवतात. गेल्या वैशाखात यावल तालुक्यातील एक ग्राहक आठवडे बाजारात पोहोचले, गाडी उन्हात उभी केली आणि डिकी उघडेना. कुबड्या आत असल्यामुळे त्यांना गाडीवरून उतरताच येईना. भर दुपारी जवळपास तासभर ते आसनावर तसेच बसून राहिले. पेटीत गव्हाचे पोते दाबून भरले होते आणि त्याने झाकण आतून वर रेटले होते, एवढेच कारण होते. झाकण तळहाताने दाबून चावी फिरवली असती तर डिकी तिथल्या तिथे उघडली असती. ही गोष्ट आम्ही गाडी देतानाच त्यांना समजावून सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. हे पत्रक लिहिण्याचे कारण तेच आहे.

लॅच कसे चालते

झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखा एक हूक असतो. पेटीच्या मागील भिंतीत, कुलपाच्या मागे, खाच असलेला एक फिरता पंजा असतो. झाकण लावताना हूक त्या खाचेत शिरतो आणि पंजाला फिरवतो; पंजा फिरला की त्याच्यामागे स्प्रिंगच्या जोराने एक लहान खिट्टी पडते आणि पंजाला परत फिरू देत नाही. चावी फिरवल्यावर ब्रेकच्या केबलसारखी एक बारीक केबल ती खिट्टी मागे ओढते, पंजा मोकळा होतो आणि हूक सुटतो. झाकण लावताना नीट ऐकले तर दोन वेळा ‘कट’ असा आवाज येतो. पहिल्या आवाजाला झाकण अर्धेच अडकलेले असते, दुसऱ्या आवाजाला ते पुरते बसते. एकाच आवाजावर निघालेली गाडी रस्त्याने खडखडत राहते आणि पंजाची धार झिजत जाते. म्हणून झाकण आपटू नये, पण दुसरा आवाज येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबावे.

चावी फिरवून बिघाड ओळखणे

अडकलेल्या डिकीवर जोर लावण्याआधी चावी एकदा सावकाश फिरवावी आणि हाताला काय जाणवते याकडे लक्ष द्यावे, कारण बिघाड कुठे आहे हे त्यावरूनच बहुतांशी कळते.

चावी फिरते, ओढ जाणवते, पण ‘कट’ आवाज येत नाही आणि झाकण हलत नाही, असे असेल तर हूक पंजाला ताणून धरतो आहे आणि त्या दाबाखाली खिट्टी घट्ट अडकली आहे असे समजावे. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये हाच प्रकार सर्वाधिक दिसतो. कुलपाच्या बरोबर वर, झाकणाच्या कडेवर तळहात सपाट ठेवून अंगाचा भार हळूहळू द्यावा. त्याच वेळी चावी फिरवून धरावी आणि ती तशीच धरून ठेवून हाताचा भार कमी करावा. एका प्रयत्नात साधले नाही तर दुसऱ्या माणसाला झाकण दाबायला सांगून आपण चावी सांभाळावी. बुक्की किंवा हातोडी मारू नये. दणक्याने दाब क्षणभरच कमी होतो आणि खिट्टी सुटण्याआधीच पुन्हा बसतो.

ओढ जाणवते, आवाजही येतो, तरी झाकण उचलत नाही, तर लॅच सुटलेले असून झाकणाखालची रबरी पट्टी चिकटलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे हे रबर रंगाला धरून बसते. चावी फिरवून धरावी, एका कोपऱ्यापासून बोटांनी झाकण हळूहळू सोडवत न्यावे. नंतर रबर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून त्यावर साधी टाल्कम पावडर चोळावी. रबराला ग्रीस लावू नये, त्याने ते फुगते.

चावी अगदी सैल फिरते, काहीच ओढ लागत नाही, तर केबल निसटली किंवा तुटली आहे. येथे झाकण दाबून काही उपयोग होणार नाही. पुढे सांगितलेली आपत्कालीन तार वापरावी.

चावी आतच जात नाही किंवा फिरत नाही, तर दोष कुलपाच्या नळीत आहे. प्रथम दुसरी चावी लावून पाहावी, कारण रोजच्या वापराने झिजलेली चावी आतल्या पत्त्या पूर्ण उचलत नाही. तरीही न फिरल्यास नळीत फुंकणीने हवा मारावी आणि पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड चावीला लावून ती चार-सहा वेळा आत-बाहेर करावी. पकडीने चावी पिळू नये. चावीचे तुटलेले टोक नळीत राहिले की नळीच बदलावी लागते.

बटणावर उघडणारी डिकी असल्यास बटण दाबून कानाने ऐकावे. काहीच आवाज आला नाही तर फ्यूज आणि १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. ‘टक’ असा आवाज येऊनही झाकण अडले असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ते दाबावे. बटण धरून ठेवू नये, आतील कॉइल तापते.

आपत्कालीन तार

आसनाच्या मागे, डाव्या हाताला, गाडीच्याच चावीने उघडणारे एक लहान झाकण आहे. त्याच्या आत लाल नळी चढवलेल्या तारेचा फास आहे. ही तार कुलपाच्या केबलला न जोडता थेट खिट्टीला जोडलेली असल्यामुळे केबल तुटली तरी तिने डिकी उघडते, आणि आसनावर बसल्या बसल्या हात पोहोचेल अशा बेताने ती ठेवली आहे. तार सरळ आणि सावकाश ओढावी, झटका देऊ नये. आमच्या जुन्या पेट्यांना ही तार नाही. अशा ग्राहकांनी गाडी आणावी, तार विनामूल्य बसवून देऊ. तार बसली तरीही कुबड्या डिकीत ठेवू नयेत अशी आमची कळकळीची विनंती आहे. पेटीच्या उजव्या बाजूला बाहेरून दोन रबरी क्लिपा आहेत, त्यांत त्या घट्ट बसतात. गाडीची कागदपत्रे मात्र डिकीत ठेवायला हरकत नाही.

लॅच का अडकते

उन्हाने धातू वाढतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण किती वाढतो हे पाहण्यासारखे आहे. ६० सेंटीमीटर रुंदीचे झाकण सकाळपेक्षा ३० अंशांनी अधिक तापले, तर लोखंडी पत्रा सुमारे ०.२ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतो. हूक खाचेत मधोमध बसत असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. तो आधीच एका कडेला घासत असेल तर मात्र एवढेच पुरते. म्हणून सकाळी सहज उघडणारी आणि दुपारी अडणारी डिकी अर्धा तास सावलीत ठेवून पाहावी, आणि ती उघडल्यावर हूक जरूर तपासावा. हुकाच्या एकाच बाजूला घासून चकाकणारा पट्टा दिसला, तर हूक सरकलेला आहे. खड्ड्यांचा दणका पुष्कळदा मागच्या एकाच चाकाला बसतो, त्या बाजूचे बोल्ट ढिले होतात आणि पेटी केसभर तिरकी होते.

हूक सरळ करणे घरी जमण्यासारखे आहे. त्याच्या पट्टीभोवती आधी पेन्सिलने रेघ मारावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. १० नंबरच्या पान्याने दोन्ही बोल्ट अर्धा फेरा ढिले करावेत, झाकण अलगद लावून हुकाला आपली जागा घेऊ द्यावी, मग उघडून बोल्ट घट्ट करावेत. हे करताना गाडी सपाट जागेवर असावी, कारण गाडी कललेली असली की झाकणाचा भार एका बिजागरीकडे झुकतो आणि हूक चुकीच्या जागी बसतो.

दुसरे कारण धुळीचे. काळ्या जमिनीची बारीक धूळ, कपाशीच्या हंगामात उडणारे तंतू आणि रावेर-यावलकडील गाड्यांमध्ये केळीच्या घडातून गळणारा चीक, हे सर्व पंजावरील ग्रीसमध्ये मिसळून त्याचा काळा चिकट थर होतो आणि खिट्टीची स्प्रिंग तो थर लोटू शकत नाही. अशा वेळी अनेकजण घरातील शेंगदाण्याचे तेल सोडतात. दोन दिवस बरे वाटते, नंतर तेच तेल चिकटून आणखी धूळ धरते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, जुना थर जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने काढावा आणि पंजाच्या सांध्यावर गव्हाच्या दाण्याएवढे पांढरे ग्रीस लावावे. पंजा पेट्रोलने धुऊ नये. बंद पेटीत त्याची वाफ साठते आणि ती पेट घेऊ शकते.

केबल कालांतराने ताणली जाते. ओढ सुरू होण्यापूर्वी तिला २ ते ३ मिलिमीटर ढील असावी. जास्त ढील असेल तर केबलच्या टोकाचा नट फिरवून ती कमी करता येते.

गाडी आमच्याकडे केव्हा आणावी

केबलचे तंतू उसवलेले दिसले, पंजाची धार गोल झाली असेल, बिजागरी हलत असेल किंवा झाकण वाकले असेल, तर घरी प्रयोग न करता गाडी घेऊन यावे. पेटीवर परस्पर कॅरियर वेल्ड करून घेऊ नये; त्या भाराने झाकण दबते, शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या रचनेतील बदलांना लागू होते. येताना दोन्ही चाव्या आणाव्यात. चावीसोबतच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर तिचा क्रमांक कोरलेला आहे, तो घरी लिहून ठेवावा. दोन्ही चाव्या हरवल्या तरी त्या क्रमांकावरून नवी चावी करून देता येते. डिकी बंद अवस्थेत अडकली असेल आणि गाडी आणणे शक्य नसेल, तर दूरध्वनी करताना चावी सैल फिरते की ओढ देते एवढे सांगावे, म्हणजे आमचा कारागीर योग्य तो सुटा भाग सोबत घेऊनच निघेल.