पाहुणं म्हणून आलेलं समुद्रफूल: ऐप्टेशियाची पार्श्वभूमी

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला ऐप्टेशिया, म्हणजे न बोलावता येणारा छोट्या समुद्रफुलासारखा प्राणी, दिसला तो दिवस त्याला आठवत असतो. माझ्याकडे तो एका झोआच्या (प्रवाळासारखा एक रंगीत जीव) फ्रॅगबरोबर, म्हणजे विकत घेतलेल्या तुकड्याबरोबर आला, तो तुकडा ज्या छोट्या बैठकीवर चिकटवतात त्या प्लगच्या खालच्या अंगाला चिकटून, करंगळीच्या नखाएवढा, तपकिरी आणि काचेसारखा अर्धा आरपार, वर बारीक टोकदार टेंटॅकल्सचा झुबका. मला तो आवडला होता, रोज सकाळी लाईट लागला की आधी त्याच्याकडे बघायचो. पंधरा दिवसांनी शेजारचा झोआ उघडेनासा झाला, मग मी ब्लेड घेऊन ऐप्टेशियाला खरवडून काढलं, तो अर्धा निघाला आणि अर्धा फटीत ओढून घेतला त्याने, आणि महिन्याभरात त्याच जागी सात आणि मागच्या काचेवर तीन असे दहा झाले. तेव्हापासून या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि वाचता वाचता कळत गेलं की याची गोष्ट म्हणजे आपल्या या अख्ख्या छंदाचीच गोष्ट आहे.

आधी तो असा वाढतो का ते सांगतो. समुद्रफुलाचा तळवा दगडाला घट्ट चिकटलेला असतो पण ते जागेवरून हळूहळू सरकतं, आणि ऐप्टेशिया सरकताना तळव्याच्या कडेचे बारीक तुकडे मागे सोडत जातो, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि त्या प्रत्येक तुकड्याला तोंड, पोट, टेंटॅकल्स सगळं नव्याने फुटतं. जोडीदाराची गरजच नाही. शिवाय प्रवाळाच्या अंगात जसं एकपेशीय शैवाल राहतं तसलंच याच्याही अंगात राहतं आणि प्रकाशावर अन्न बनवून देतं, म्हणजे खाणं कमी पडलं तरी लाईट आहे तोवर भागतं, आणि उलट खूप दिवस अंधारात ठेवलं तर शैवाल निघून जातं, अंग पांढरं पडतं, पण खायला मिळत असेल तर तरीही जगतो. डिवचला की अंगाच्या बाजूच्या भोकांतून पांढरे दोऱ्यासारखे धागे बाहेर येतात, त्यांत डंखपेशी ठासून भरलेल्या असतात. टॉर्च मारून बघितलं तर ते धागे पाण्यात वळवळताना स्पष्ट दिसतात, आणि शेजारचा प्रवाळ का आक्रसतो ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

या धाग्यांना ॲकोन्शिया हे नाव दिलं फिलिप हेन्री गॉस या इंग्लिश निसर्गअभ्यासकाने, आणि ऐप्टेशिया हे नावही त्याचंच, १८५८ मधलं. आता गंमत अशी की ज्या माणसाने आपल्या सगळ्यात चिवट उपद्रवाला नाव दिलं त्यानेच ॲक्वेरियम हा शब्दसुद्धा आजच्या अर्थाने रूढ केला, १८५४ च्या त्याच्या पुस्तकातून. त्याच्या आधीच्या वर्षी, १८५३ मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं होतं, फिश हाऊस म्हणायचे त्याला, आणि तिथे समुद्री जीव पुरवणाऱ्यांत गॉस होता. तेव्हा समुद्रफूल हा उपद्रव नव्हता, त्यालाच तर मुख्य मान होता! फिल्टर नाही, पंप नाही, हीटर नाही, अशा काचेच्या भांड्यात मासे टिकायचे नाहीत पण समुद्रफूल टिकायचं, म्हणून दिवाणखान्यात समुद्रफुलं ठेवायची लाटच आली. डेव्हनच्या किनाऱ्यावर लोक हातोडी-छिन्नी घेऊन ओहोटीला उतरायचे. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मध्ये लिहून ठेवलंय की वडिलांच्या पुस्तकांमुळे जी गर्दी लोटली तिने ती खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. हे वाचताना मला त्रास झाला, कारण आपला छंद तेव्हाही असाच दुसऱ्याच्या घरातून उचलून आणण्यावर चालायचा.

समुद्रफूल किती चिवट असतं याचा त्या काळातला एक दाखला तर विसरता येत नाही. सर जॉन डॅलियेल या स्कॉटिश गृहस्थांनी १८२८ मध्ये नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं, ऐप्टेशिया नव्हे, ॲक्टिनिया जातीचं, आणि ते साध्या काचेच्या बरणीत ठेवलं. १८५१ मध्ये डॅलियेल वारले, बरणी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आणि ‘ग्रॅनी’ म्हणून ओळखलं जाणारं ते समुद्रफूल १८८७ मध्ये मेलं. एकोणसाठ वर्षं, बरणीत. तिच्यापासून तिथेच शेकडो पिल्लं झाली ती वेगळीच.

प्रवाळ मात्र तेव्हा कुणाला फारसा जमत नव्हता. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीहून प्रवाळ लंडनला आणून जगवले, त्यांच्याकडे समुद्राचं पाणी बदलायला नव्हतं म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. आपल्या वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी हलवत ठेवणाऱ्या पंपाचं काम ती बाई हाताने करत होती, आणि तिचं नावही कुठे नोंदलेलं वाचलं नाही मी.

मग पुढची शंभर वर्षं मी पटकन ओलांडतो, कारण ऐप्टेशियाच्या दृष्टीने त्यात फार काही घडलं नाही. समुद्राच्या पाण्यासाठी समुद्रच लागायचा, ती अट सुटली ती तयार मीठ आल्यावर, इन्स्टंट ओशन हे मीठ १९६४ मध्ये बाजारात आलं. पण तोवरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये असायचं काय, तर मासे आणि ब्लीच करून पांढरे केलेले मेलेले प्रवाळ. औषध म्हणून तांबं घालायचे, आणि तांब्याच्या पाण्यात बिनकण्याचा जीव जगत नाही. अशा टँकमध्ये ऐप्टेशिया येणार कुठून आणि राहणार कसा?

त्याला दार उघडलं ते जिवंत दगडाने. जकार्तात ली चिन एंग नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली, नुसतं समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एक दगड आणि समुद्रातून उचललेले ‘जिवंत’ दगड, बाकी काही नाही, आणि त्यात प्रवाळ जगतोय. लोकांचा विश्वास बसेना, आणि थंड प्रदेशात ते करायलाही अवघड होतं, पण कल्पना रुजली. सत्तरीत स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी प्रवाळासाठी चुन्याची निवळी वापरायला सुरुवात केली, बर्लिनमध्ये डीट्रिश स्ट्युबर आणि इतर छंदी लोकांनी जिवंत दगड, जोरदार स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि भरपूर प्रकाश असं गणित बसवलं ज्याला आपण आजही बर्लिन मेथड म्हणतो, आणि अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरोघरी मिनी-रीफचं वेड पसरवलं. तिथून पुढे जिवंत दगडाचा धंदाच झाला. फ्लोरिडाने १९८९ मध्ये आपल्या हद्दीत तो काढायला बंदी घातली तर फिजीसारख्या ठिकाणांहून पेट्याच्या पेट्या यायला लागल्या.

आता त्या दगडाकडे नीट बघा. त्याचा सगळा उपयोगच हा की तो भोकाभोकाचा असतो आणि प्रत्येक भोकात काहीतरी राहतं, जिवाणू, स्पंज, किडे, शेवाळ, गोगलगायी. तोच आपला फिल्टर. आणि त्याच भोकात आक्रसून बसलेला ऐप्टेशिया, ओल्या कागदात गुंडाळून विमानाचा प्रवास करूनही जिवंत. वरून आपण त्याला काय देतो, प्रवाळासाठी केलेला सगळा थाट, स्थिर तापमान, प्रकाश, माशांच्या खाण्यातला उरलेला चुरा, आणि त्याला खाणारं कुणी नाही. समुद्रात तो सहसा असा माजलेला दिसत नाही कारण तिथे त्याच्यावर टपलेले असतात. मला वाटतं इथेच खरी मेख आहे, आपण रीफ घरी आणला पण रीफवरचे खाणारे आणले नाहीत, आणि मग पुढची तीस-चाळीस वर्षं सुया आणि औषधं शोधत बसलो.

औषधांचा इतिहास म्हणजे आधी घरातल्या वस्तूंचा इतिहास. उकळतं पाणी सुईने टोचणं, लिंबाचा रस, व्हिनेगर, काहींनी तर हायड्रोक्लोरिक ॲसिड. सगळ्यात टिकला तो चुनाच, तोच विल्केन्सवाला, जर्मनमध्ये काल्कवासर, म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी. निवळीऐवजी त्याची दाट पेस्ट करायची आणि सिरिंजने अलगद तोंडावर सोडायची. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपल्या पानाच्या चुन्यातलंच रसायन (पानाच्या डबीतला वापरू नका मात्र, त्यात आणखी काय असतं सांगता येत नाही), पीएच बारापर्यंत जातो त्यामुळे पेशी जळतात. मग जोज ज्यूस, ऐप्टेशिया-एक्स अशा तयार बाटल्या आल्या, त्यांतली युक्ती ही की प्राण्याला ते अन्न वाटावं आणि त्याने स्वतःहून गिळावं, कारण धक्का लागला की तो फटीत जातो आणि मग काही खरं नाही. पाच-सहा असतील तर यातलं काहीही चालतं. पन्नास असतील तर नाही, कारण तुम्हाला दिसतात ते पन्नास, आणि दगडाच्या मागे जे आहेत ते तुमची सुई पोचत नाही तिथे. आणि एकाच वेळी खूप चुना सोडला तर टँकचाच पीएच उडतो, मी एकदा एका बसकणीत वीसवर मारले आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे वर येऊन धापा टाकत होते. वाचले, पण ती संध्याकाळ फार वाईट गेली.

म्हणून लोक हळूहळू खाणाऱ्यांकडे वळले. कॉपरबँड बटरफ्लाय मासा, लांब चोचीचा, केशरी पट्ट्यांचा, दिसायला इतका सुंदर की ऐप्टेशिया हे निमित्तच होतं आणायला, पण कित्येकदा तो टँकमध्ये काहीच खात नाही आणि झिजून मरतो, आणि नुसत्या या कामासाठी तो आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिसलटेल फाईलफिश हा त्यामानाने बरा, पण कधी कधी प्रवाळालाही तोंड लावतो. पेपरमिंट कोळंबीचा उपयोग २००४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी रीतसर प्रयोग करून तपासला आणि ती ऐप्टेशिया खाते हे दाखवलं, तरी घरोघरी अनुभव मात्र उलटसुलट, एकाकडे आठवड्यात सफाया आणि दुसऱ्याकडे ढिम्म. त्याचं एक कारण २००६ मध्ये कळलं, ज्याला सगळे लिस्माटा वुर्डेमन्नी म्हणत होते ती एक जात नसून दिसायला सारख्या अनेक जाती आहेत, आणि फ्लोरिडाकडून विकली जाणारी बरीचशी लिस्माटा बोगेसी ही वेगळीच निघाली. त्यात दुकानात कॅमल श्रिंप पेपरमिंट म्हणून खपते, ती प्रवाळ खाते. पाठीला कुबड दिसलं तर घेऊ नका.

आणि मग बर्घिया. दोन-अडीच सेंटीमीटरची, पाठीवर बोटांसारख्या झालरी असलेली समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, आणि ती ऐप्टेशिया सोडून दुसरं काही खात नाही. बर्घिया हे नाव कोपनहेगनच्या रुडॉल्फ बर्घ या डॉक्टरांवरून आलंय, दवाखाना सांभाळून त्यांनी आयुष्यभर या गोगलगायींचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातल्या कॅरोल आणि केम्फ यांनी १९९० मध्ये ती प्रयोगशाळेत अंड्यापासून कशी वाढवायची ते प्रसिद्ध केलं आणि तिथून ती छंदवाल्यांच्या आवाक्यात आली. रात्री लाल टॉर्चने बघा, ती सरकत येते, ऐप्टेशिया पांढरे धागे फेकतो, ती क्षणभर झालरी फिस्कारते आणि खायला सुरुवात करते, आणि त्याच्या डंखपेशी न पचवता स्वतःच्या झालरींच्या टोकांत साठवून ठेवते, स्वतःच्या बचावासाठी. हळू चालतं हे काम, महिने लागतात, सिक्सलाईन रॅससारखा मासा असेल तर तिलाच खाऊन टाकतो, पण दगडाच्या मागे जिथे सुई जात नाही तिथे ती जाते.

या सगळ्यात शास्त्रज्ञांचं ऐप्टेशियाशी नातं मात्र आपल्या अगदी उलट. प्रवाळ आणि शैवाल यांची सोबत कशी जुळते आणि पाणी तापलं की का तुटते, म्हणजे ब्लीचिंग का होतं, ते शोधायला प्रवाळ वाढवणं कठीण, म्हणून त्यांनी हाच प्राणी धरला, लवकर वाढतो, मरत नाही, शैवालासह आणि शैवालाशिवाय दोन्ही ठेवता येतो. २०१५ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. २०१४ पासून प्रयोगशाळेतल्या आणि टँकमधल्या या जातीचा गट एक्सऐप्टेशिया झालाय, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात. जे गुण आपल्याला रडवतात त्याच गुणांमुळे उद्या रीफ वाचवायचं काही हाती लागू शकतं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे जिवंत दगडाचा रस्ता कायद्यानेच बंद आहे. २००१ मध्ये सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाच्या पंगतीला, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तसंच असायला हवं. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला समुद्रफुलं बघायला जरूर जा, आणायला नको. ऐप्टेशिया आता येतो तो फ्रॅगच्या प्लगवरून, गोगलगायीच्या शंखावरून, शेवाळाच्या झुबक्यातून, म्हणून मी नवीन फ्रॅग आला की प्लग कापूनच टाकतो, प्रवाळ नव्या प्लगवर चिकटवतो आणि महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवून बघतो.

आणि खिडकीत एक बरणी आहे. टँक साफ होत आला तशी बर्घियांची उपासमार व्हायला लागली, त्यांना दुसरं काही चालतच नाही, मग शेवटचे आठ-दहा ऐप्टेशिया मी दगडासकट काढून त्या बरणीत ठेवले, एक एअर ट्यूब सोडली, आठवड्यातून दोनदा आर्टेमिया (बारीक खाऱ्या पाण्यातली कोळंबी) घालतो. आता तिथे साठेक आहेत. दर शनिवारी त्यातले चार काढून बर्घियांना देतो, आणि पलीकडच्या काचेवर त्यांच्या अंड्यांची पांढरी गुंडाळी कालच दिसली.