जुहू विमानतळ

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, विलेपार्ल्याच्या पश्चिमेला आणि जुहूच्या चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर असलेला छोटा सार्वजनिक विमानतळ. तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात असून येथून प्रवासी विमान कंपन्यांची नियमित उड्डाणे होत नाहीत. हेलिकॉप्टर, खासगी मालकीची आणि उद्योगसमूहांची लहान विमाने यांच्यासाठी त्याचा वापर होतो. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांपैकी मोठी सुमारे १,१०० मीटर लांब आहे. आजच्या मोठ्या प्रवासी जेट विमानाला ही लांबी अगदीच अपुरी पडते. हेलिकॉप्टरला मात्र तिचा थोडासा भागही पुरतो, आणि जुहूचे आजचे स्वरूप या एका गोष्टीने ठरवले आहे.

हा विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि देशातील पहिला नागरी विमानतळ म्हणून तो ओळखला जातो. जागा खाजणाची होती. उन्हाळ्यात चिखल वाळून जमीन टणक होई, पण पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई, त्यामुळे त्या महिन्यांत टाटांच्या विमानसेवेला आपला सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. त्याच सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून एकट्याने निघाले. त्यांचे पुस मॉथ हे एका इंजिनाचे हलके विमान होते आणि त्यात टपालाची पोती होती. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. तेथून ते जुहूला पोहोचले. जुहूहून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढचे टपाल दुसऱ्या पुस मॉथमधून बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी हे त्या वेळी टाटांच्या विमान कंपनीचे कार्यालय होते. पुढे एअर इंडिया झालेल्या संस्थेचा आरंभ या झोपडीत झाला, त्यामुळे मुंबईच्या विमान वाहतुकीचा इतिहास सांगताना जुहूला एका ओळीत उरकणे अन्यायाचे आहे. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी लेपर्ड मॉथ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला आणि ते जुहूलाच उतरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाहतूक शेजारच्या सांताक्रूझ विमानतळाकडे गेली. दोन्ही विमानतळांत तीन-चार किलोमीटरचेच अंतर आहे आणि त्यांच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला त्यांपैकी जुहूची आधी दिसते. यामुळे दोनदा मोठा घोटाळा झाला. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे एक कॉमेट जेट विमान चुकून जुहूला उतरले. ते पुन्हा उडवून बाहेर काढायला सुमारे नऊ दिवस गेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनहून टोकियोला निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान असेच उतरले, पण आखूड धावपट्टीवर न थांबता ते पुढे निघून गेले आणि दुरुस्तीपलीकडे मोडले. काही जण जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

मोठी विमाने गेल्यावर उरलेल्या या मैदानाला नवे काम दिले ते तेलाने. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात बॉम्बे हायचे तेलक्षेत्र सापडले आणि तेल काढण्यासाठी तेथे समुद्रात उभारलेल्या फलाटांवर माणसे पोहोचवण्यासाठी हेलिकॉप्टरची गरज निर्माण झाली. १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंस या सरकारी कंपनीचा मोठा तळ जुहूला आहे. ही उड्डाणे सर्वसाधारण विमानप्रवासापेक्षा फार वेगळी असतात. पाळीवर निघालेल्या कामगाराचे त्याच्या पिशवीसह वजन केले जाते, कारण हेलिकॉप्टरला एकेका किलोचा हिशेब ठेवावा लागतो. पाण्यात तरंगत ठेवणारे लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय त्याला आत बसता येत नाही, आणि पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडायचे याचे प्रशिक्षण त्याने आधीच घेतलेले असते.

येथील प्रत्येक उड्डाणाला शेजारच्या मोठ्या विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी मेळ घालावा लागतो, कारण दोघांचे आकाश एकच आहे. मोठी धावपट्टी समुद्राच्या दिशेने वाढवण्याचा प्रस्ताव मधल्या काळात पुढे आला होता, परंतु तिच्या पश्चिम टोकाला वर्दळीचा जुहू तारा रस्ता आणि त्यापलीकडे थेट किनारा असल्यामुळे ते काम अवघड आहे. विमानतळाभोवतीच्या इमारतींवर उंचीची मर्यादा आहे. जुहू आणि विलेपार्ल्यातील जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांचा पुनर्विकास तिच्यामुळे अडतो, कारण विकायला वाढीव मजले मिळाले नाहीत तर बांधकाम व्यावसायिकाला तो व्यवहार परवडत नाही.